एकतीस

मी गणिताचा मास्तर. निपाणीत
मुलींच्या सामन्यांचा गुणतक्ता मी लिहितो,
कारण माझी पेन्सिल थरथरत नाही, एवढंच.

नेसरीकर सर होते तेव्हा
मैदानावर आधी शिट्टी यायची, मागून सर.
पलटणीतून आलेला माणूस.
तीन पास झाल्याशिवाय रिंगकडे बघायचं नाही.
बघितलंस की दहा फेऱ्या,
तंबाखूच्या वखारीपर्यंत जाऊन परत,
आणि पोरी शिंकत शिंकत धावायच्या.
त्यांचा संघ म्हणजे पाच मुली नव्हत्याच,
दहा हातांचं एक यंत्र होतं.
तालुक्यात सहा वर्षं कुणी हरवलं नाही.
बेळगावहून मात्र दर वर्षी
पहिल्याच संध्याकाळी बस परत.

मग सरांचा गुडघा गेला.
धारवाडहून हिरेमठ मिस आल्या.
शिट्टी नाही. बोलणं कमी, तेही निम्मं कन्नड:
"निल्लु. केळु."
थांब. ऐक.
डोळे मिटून चेंडू आपटायला लावायच्या.
चिक्कोडीच्या पोरी बघून हसल्या,
काय गं, जप करालासा काय?
पहिल्या वर्षी आम्ही तालुक्यालाच आडवे.
सव्वीस विरुद्ध नऊ.
मी लिहिलंय ते. नऊ.

पुढच्या जूनमध्ये शिवलीला मगदूम आठवीत आली.
आई वखारीत चाळणीवर.
उंची बेताची, डावखुरी,
आणि एक खोड. रिंगखाली गेली
की एका पायावर क्षणभर उभी राहायची,
जिबली खेळताना पुढच्या चौकोनात
खापरी दिसली की राहतात ना, तशी.
समोरची उडी मारून खाली यायला लागली
की ही वर.

नेसरीकर सर कठड्यावर, काठी मांडीवर.
"काय करालीस गं? बगळा हाय काय?"
मिस गप्प.
मला वाटायचं, यांनी तरी सांगावं काहीतरी.
त्या वहीत काढत बसायच्या.
एकदा डोकावलो, तर नुसती पावलं:
डावं, उजवं,
मग मोकळी जागा.

बेळगावला, अंतिम सामना.
एकतीस–बत्तीस. अकरा सेकंद.
पास झाला. दुसरा. तिसरा.
मी मोजले, जुनी सवय.
सरांचे ते तीन पास मिसनी कधी पुसलेच नव्हते,
हे मला तेव्हा कळलं.
चौथा शिवलीलाकडे.
ती थांबली. एका पायावर.
रिंगखालची उंच पोर वर गेली, खाली आली.
चेंडू आत पडला,
पण त्याच्या आधी शिट्टी पडली होती.
पंचांनी मुठीभोवती मूठ फिरवली: ट्रॅव्हलिंग.

कठड्याजवळ दोघं एकदमच उठले.
एक मराठीत ओरडलं, एक कन्नडमध्ये,
माझं कन्नड बाजारापुरतं,
तरी मला दोन्हीकडून एकच ऐकू आलं:
पाय हलला नाही.
मीही बघितलं होतं. नव्हता हलला.
पण तक्त्यात त्या पावलाला रकाना नाही.
मी एकतीस लिहिलं
आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

परतीच्या बसमध्ये संकेश्वरपर्यंत कुणी बोललं नाही.
मग शिवलीला म्हणाली, भूक लागली.

सोमवारी शाळा सुटल्यावर बघतो तर
फ्री थ्रोच्या रेषेलगत खडूचे आठ चौकोन,
तिसऱ्यात खापरी.
सरांची काठी मिसच्या हातात.
सर एका पायावर, चांगल्या,
हात पसरून, पलटणीतला माणूस, डुलतोय.
"आता?" ते विचारतात.
आणि आठवीतली ती पोर
कमरेवर हात ठेवून सांगते,
"थांबा की सर.
अजून ती खाली आली नाही."